खडीला नामफलक नसतो

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या दक्षिण भागात चिलोक्विन हे लहानसे गाव आहे. तेथील पाइन वृक्षांच्या वनात ‘ट्रेन माउंटन’ हा लघुरेल्वेमार्ग पसरलेला आहे. क्वेंटिन ब्रीन यांनी १९८७ मध्ये त्याचा आरंभ केला. आपल्या माथेरानच्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर दोन फूट असते; येथे ते अवघे साडेसात इंच आहे. तरीही साइडिंग व यार्ड धरून या मार्गाची लांबी ३६ मैलांहून अधिक भरते. जगातील सर्वांत लांब लघुरेल्वे म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झालेली आहे.

येणाऱ्याचे लक्ष साहजिकच इंजिनाकडे जाते. चकाकणारे पितळ, शिटी, धूर, सारेच मोहक असते. रुळांखालची खडी मात्र कोणी पाहत नाही. ती अंथरण्याचे आणि राखण्याचे काम स्वयंसेवक करतात, तेही गुडघे टेकून, मोबदल्याविना.

खडीचेही एक शास्त्र आहे. नदीतील गुळगुळीत गोटे येथे उपयोगाचे नाहीत, कारण भार पडताच ते घरंगळतात. फोडलेल्या दगडाची कोनदार खडीच हवी. तिचे कंगोरे एकमेकांत अडकतात, स्लीपर जागचा हलू देत नाहीत आणि गाडीचा भार जमिनीवर पसरवतात. खड्यांमधील फटींतून पाणी निचरून जाते. त्या फटी माती व पालापाचोळ्याने बुजल्या की पाणी साचते. थंडीत ते गोठून फुगते व रूळ उचलला जातो. बर्फ वितळला की तोच रूळ खचतो. मग पातळी तपासावी लागते, रूळ उचलून स्लीपरखाली पुन्हा खडी ठासावी लागते.

मार्ग लहान म्हणून चूकही लहान, असे येथे नाही. साडेसात इंचांच्या मार्गावर एका बाजूचा रूळ अर्धा इंच खचला, तर डब्याला येणारा कल मोठ्या रेल्वेवर पावणेचार इंच खचल्याने येणाऱ्या कलाएवढा असतो. शिवाय या चिमुकल्या डब्यांवर मोठी माणसे बसतात, त्यामुळे तोल वरच्या बाजूस असतो. दुर्लक्षाची किंमत अखेर प्रवाशाला मोजावी लागते.

व्यापारी कुटुंबांना घसारा ही संज्ञा नवी नाही. यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून ते झिजू लागते, हे आपल्या वह्या दरवर्षी सांगतात. परंतु दुकानाच्या हिशेबात आपण जे जाणतो, ते सार्वजनिक कामात विसरतो. नवीन सभागृहासाठी देणगीदार सहज मिळतात, कारण तेथे संगमरवरावर नाव कोरले जाते. त्याच सभागृहाचे गळके छप्पर, तुंबलेली पन्हळ, जुनी वायरिंग यांसाठी पावती फाडताना हात आखडतो. दोष दानतीचा नाही. दिसणाऱ्या कामाला मान आणि न दिसणाऱ्या कामाला विस्मरण, ही आपली सवय झाली आहे.

चिलोक्विनच्या वनात खडी ठासणाऱ्याचे नाव कोणत्याही खड्यावर कोरलेले नसते. गाडी डुगडुगल्याविना पुढे गेली, एवढीच त्याच्या कामाची पोच. आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत नव्या बांधकामाचा ठराव मांडण्यापूर्वी देखभाल निधीत शिल्लक किती, हा एक प्रश्न कोणीतरी अवश्य विचारावा.