बोळिंजला आणखी एक चषक नको, लीग हवी

दिवाळी उलटली की वसई-विरारच्या पट्ट्यात कबड्डीचे दिवस येतात. मैदानावर प्रकाशझोत लागतात, कमानीवर प्रायोजक पुढाऱ्यांचे चेहरे झळकतात आणि दोन-तीन रात्री चढाया-पकडींचा गलका चालतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर अंतिम सामना संपतो, चषक आणि रोख बक्षीस दिले जाते, मंडप उतरतो. या उत्सवाबद्दल तक्रार नाही. मात्र एवढ्यालाच आपण पालघर जिल्ह्याची कबड्डी समजत असू, तर हिशेब चुकतो आहे. बाद पद्धतीच्या 16 संघांच्या स्पर्धेत एकूण सामने होतात 15, आणि निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभर घाम गाळलेल्या मुलाच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात, तीही अंगात लय येईपर्यंत संपतात. याउलट आठच संघांची लीग घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळायचे, तर सामने होतात 56. प्रत्येक संघाला 14 मिळतात, त्यातले सात आपल्या माणसांसमोर. विरारचे बोळिंज, आगाशी, सफाळे, केळवे, पालघर, बोईसर, वाणगाव आणि डहाणू अशी नावे लिहून पाहिली, तर रेल्वेच्या रुळालगतच लीग उभी राहते.

खेळाडूंना मानधन कुठून द्यायचे, हा पहिला प्रश्न. मुंबई-ठाण्याच्या कबड्डीने त्याला पूर्वी एक उत्तर शोधले होते. खेळाडू नोकरी करायचा आणि नोकरीच्याच संघातून खेळायचा. रेल्वे, बंदर, बँका, महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया यांचे संघ स्पर्धांच्या व्यावसायिक गटात उतरत, आणि चाळीतल्या किंवा गावातल्या पोराला चढाईच्या बळावर कायमचा पगार मिळे. खेळ अर्धा पेशा होता आणि घर त्यावर चाले. ही वाट आता अरुंद होत चालली आहे. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया 2022 मध्ये खासगी झाली. खेळाडू भरतीच्या जागांवर डोळा ठेवून सराव करणाऱ्या मुलाला आजच्या पिढीत तो भरवसा राहिलेला नाही. कंपनीचा आधार सैल होत असताना गावाचा आधार उभा राहायला हवा होता. तो राहिला नाही.

त्याऐवजी टीव्ही आला. प्रो कबड्डीचा पहिला सामना 26 जुलै 2014 रोजी झाला आणि त्याच आठवड्यात, 1 ऑगस्टला, पालघर जिल्हा जन्माला आला. प्रो कबड्डीने खेळाला पैसा आणि प्रतिष्ठा दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. लिलावातल्या रकमा पाहून आईबाप मुलांना मॅटवर पाठवू लागले. पण ही लीग मुळातच फिरती. 2024 आणि 2025 च्या हंगामांत तर ती तीन-चार शहरांतच उरकली. 2024 चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला, 2025 चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. म्हणजे यू मुंबा नावाचा संघ सलग दोन हंगाम मुंबईत एकही सामना खेळला नाही. खालच्या पातळीवरही तेच. 2024 च्या युवा कबड्डी सिरीजमध्ये पालघरचा संघ होता, नाव काझीरंगा रायनोज, सामने पुण्याच्या बालेवाडीत. पालघरच्या संघाला आसामचा गेंडा का, हे विचारायला पालघरचा प्रेक्षक तिथे नव्हताच. महिलांची गत याहून वाईट: 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि तिथेच थांबली.

घरचे मैदान किती मोलाचे असते, हे पाहायला थोडे लांब, इंग्लंडच्या आइस हॉकीकडे जावे लागेल. तिथल्या नॅशनल लीगमधले संघ अर्धव्यावसायिक आहेत. अनेक खेळाडू आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी खेळतात. स्विंडन, टेलफर्ड, पीटरबरो अशी मध्यम गावे आपापल्या बर्फाच्या मैदानावर आपला संघ पाहायला येतात. 2017 मध्ये तिथली मधली फळी, इंग्लिश प्रीमियर लीग, मोडली. मिल्टन कीन्स आणि गिल्डफर्ड हे दोन संघ वरच्या लीगमध्ये गेले आणि डोलारा कोसळला. पण खाली प्रादेशिक लीग होती म्हणून उरलेले संघ त्यात सामावले आणि 2019 मध्ये तिथूनच नवा राष्ट्रीय विभाग उभा राहिला. आपल्याकडे वरचा मजला दिमाखदार आहे, खाली पायाच नाही. बर्फाचे मैदान वर्षभर गोठलेले ठेवायला विजेचे केवढे बिल येते, त्याचा विचार करा. कबड्डीला लागते 13 बाय 10 मीटरची जागा. लेहमध्ये थंडीतले मोजके आठवडे बर्फ टिकतो, तरीही तिथे 2024 पासून आइस हॉकीची लीग भरते. आपल्याकडे पाऊस सोडला तर मैदान सात-आठ महिने कोरडे असते.

आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्या तरुणाला वेळ कुठून, असे कोणी विचारेल. स्पर्धेच्या सलग तीन रात्री जागून सोमवारी कामावर जाण्यापेक्षा आठवड्याचा एक रविवार सोपा आहे. डहाणूपर्यंत 2013 पासून लोकल धावते. विरारहून अंतर सुमारे 64 किलोमीटर. प्रायोजक पुढारी एका रात्रीच्या झगमगाटासाठी पैसे देतात, चौदा रविवारांसाठी देणार नाहीत, हा आक्षेप अधिक खरा आहे. म्हणूनच पैशाची सूत्रे एका पुढाऱ्याच्या हाती नकोत. रोख बक्षिसाची मोठी रक्कम प्रत्येक सामन्याच्या छोट्या मानधनात, प्रवासखर्चात आणि गुडघ्याच्या दुखापतीच्या विम्यात वाटली, तर तीच रक्कम जास्त घरांत पोहोचते. चांगले खेळाडू प्रो कबड्डीत निघून जातील, असेही म्हटले जाईल. जाऊ देत, जाणाऱ्याच्या जागी उभा राहणारा तयार असणे हेच तर लीगचे काम. उत्सव बुडेल ही भीती मात्र खोटी आहे. चषक राहू द्या, तो हंगामाच्या शेवटी ठेवा.

बोळिंजसाठी हा मुद्दा खेळापलीकडेही जातो. एकीकडे जुने गावठाण, दुसरीकडे म्हाडाचे टोलेजंग संकुल, जिथे मुंबईहून आलेली कुटुंबे पाणी, रिक्षा आणि लोकलच्या विवंचनेत राहतात. गावकरी आणि संकुलवासी एकमेकांना भेटतात ते बहुधा बाजारात किंवा भांडणात. दोघांनी मिळून ओरडावे असा एक संघ असला, तर निदान रविवारी संध्याकाळी दोघे एकाच बाजूला बसतील. लीगने सगळे जुळेल असे मी म्हणणार नाही, पण दुसरा कोणता उपाय एवढा स्वस्त आहे?

तेव्हा जिल्हा कबड्डी संघटनेने येत्या हंगामात निदान चार संघांनिशी सुरुवात करावी, मुलींचे सामने त्याच दिवशी त्याच मैदानावर ठेवावेत, आणि महापालिकेने बोळिंजमधले एक मैदान नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रविवारी लग्नाच्या मंडपांना न देता या खेळासाठी राखून ठेवावे.