अंबाबाईंचं मौन
आमची सात वर्षांची लेक हुबळी-धारवाडच्या ‘चिगरी’ बसमध्ये खिडकी पटकावते आणि शेजारच्या आजींशी कानडीत गप्पांचा फड जमवते. मी तोंड घातलं की ‘बाबा, तू गप्प बस रे!’ पोर मोठी व्हायला लागली की आईबापांनी किती मागे सरावं? अशा वेळी मला अंबाबाई आठवतात. धारवाडात १९१३ साली जन्मलेल्या, हिंदुस्थानी संगीत गाणाऱ्या गंगूबाई हनगलांच्या या आई कर्नाटक संगीतातल्या जाणत्या गायिका. लेकीचा ओढा हिंदुस्थानी गायकीकडे, म्हणून तिच्या गळ्यावर आपली छाप पडू नये यासाठी त्यांनी स्वतःचं गाणंच थांबवलं. १९२८ मध्ये कुटुंब हुबळीला आलं. १९३२ साली अंबाबाई गेल्या. पुढे गंगूबाई रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात आणि किराणा घराण्याचा तो भरदार आवाज देशभर पोचला. या त्यागाचे गोडवे आमच्याकडे सगळेच गातात. मला तो, खरं सांगायचं तर, जरा जास्तच वाटतो. लेकीसाठी आईने मुकं का व्हावं? (अर्थात, गंगूबाई घडवून दाखवणाऱ्या बाईला मी कोण शिकवणार!) मी तरी रात्री लेकीला झोपवताना जुनी नाट्यपदं आळवतो, तीही बेसूर. ती कानावर उशी दाबून घेते. मी तान पूर्ण करतो.