पोरांनी मासे मोजले तर कोणाच्या पोटात दुखते?



मागच्या पावसाळ्यात आम्ही गावच्या शाळेतली पोरं घेऊन तलावाच्या पाळीवर गेलो. सोबत एक ढीवर आजा होता. पोरांनी जाळ्यानं मासे काढले, वहीत नावं लिहिली, मोजले आणि परत पाण्यात सोडले. दोन दिवसांनी एका साहेबानं विचारलं, "काऊन नेली पोरं? हे अभ्यासक्रमात आहे का?"

मग अभ्यासक्रमात आहे तरी काय? पोराला 'पाणलोट क्षेत्र' याची व्याख्या तोंडपाठ आहे. पण आपल्या तलावाचा येवा कोणत्या टेकडीवरून येतो, ते विचारा. गप्प!

मासा ते सांगतो. मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते, हे पोरांनी डोळ्यानं पाहिलं. मरळ, शिंगी, मागूर आपल्या तलावातच वाढतात. रोहू-कतला साचलेल्या तलावात अंडी घालत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. म्हणून त्याचं बीज विकत आणावं लागतं. वरचं जंगल तुटलं की माती वाहून येते, तलाव उथळ होतो, काठाला बेशरम माजते, उन्हाळ्यात पाणी टिकत नाही. मासा कमी झाला म्हणजे टेकडीवर काही बिघडलं. हे एका सकाळी आजानं शिकवलं, फळा-खडू न घेता.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शाळांत सालमन माशाची अंडी टाकीत वाढवून पिलं नदीत सोडतात. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. म्हणजे पोरांना अख्खी नदी शिकावी लागते. तिथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या आदिवासींनी आपल्या नद्यांत जाळी टाकून अटका सोसल्या. 1974 साली कोर्टानं निम्म्या माशांवर त्यांचा हक्क मानला. तिथं मासा हा शाळेचाही विषय आहे आणि हक्काचाही. आपल्याकडे दोन्हीला मनाई का?

आपले तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. कोहळ्यांनी बांधले, आपल्या पूर्वजांनी माती वाहिली, ढीवरांनी मासा सांभाळला. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पाळ, तुडुम, सलंग यांची राखण करणारं गाव एका दिवसात परकं ठरलं.

पण 2006 चा वनहक्क कायदा कलम 3 मध्ये मासे आणि पाण्यातल्या उत्पन्नावर गावाचा सामूहिक हक्क मानतो. कलम 5 पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. सामूहिक वनहक्काच्या पुराव्यात मासेमारीच्या जागा आणि सिंचनाच्या जुन्या पद्धती धरल्या जातात. म्हाताऱ्यांचं लेखी निवेदनही चालतं. ते लिहून कोण घेणार? आपलीच शिकलेली पोरं! पोट दुखतं ते इथंच. मासे मोजणारं पोर उद्या हक्क मोजेल.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं ठराव घ्यावा:
1. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा पोरांनी तलावातले मासे मोजावे आणि येव्याचा नकाशा काढावा.
2. शिकवायला ढीवर आजा-आजींना मानानं बोलवावं.
3. ती वही ग्रामसभेच्या दप्तरात राहावी. वनहक्क समितीनं ती दाव्यासोबत जोडावी.

साहेबाला सांगा, गोंडीत मासा म्हणजे मीन आणि पाणी म्हणजे येर. हा आमचा अभ्यासक्रम आहे. परीक्षा आता तुमची!