बॉनेट घरातल्या बायकांनीही उघडावं

पाबे घाट उतरताना ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ लागलं. पुन्हा दाबलं तर पार तळाला गेलं. शेजारी आई, मागे भाताची चार पोती. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराकडच्या चरात घातली. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा घट्ट झालं. “झालं की नीट, चल,” आई म्हणाली.

ते नीट झालेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. आमच्या वेल्ह्याकडे पावसाळ्यात भिंतीलाही ओल सुटते, तिथं त्या ऑइलचं काय! पाणी मुरलेलं ऑइल लवकर उकळतं. उतारावर ब्रेक दाबून ठेवला की चाकाजवळचं ऑइल तापून त्याची वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय तळाला जातो. गार झालं की वाफ जिरते आणि ब्रेक शाबूत असल्याचा भास होतो. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या 2006 च्या बोलेरोत ते सहा वर्षं तेच होतं. दर सर्व्हिसिंगला डबीत वरून भर पडत होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. उतरतानाही चढायच्याच गिअरला उतरावं, हे वडील सांगायचे. त्या दिवशी मी तिसऱ्यात होते.

भोर-वेल्ह्यात आजही दूध, आंबेमोहोर, वऱ्हाडं, बाळंतिणी असल्या जुन्या गाड्यांवरच अवलंबून आहेत. सुमोचं उत्पादन 2019 मध्येच थांबलं, तरी वरंध्याच्या वाटेवर ती भेटतेच. या गाड्या भंगारात काढा म्हणणाऱ्यांनी आधी केळदहून रात्री दवाखाना गाठून दाखवावा. पण त्या चालवायच्या तर सांभाळायलाही हव्यात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी, मग दर 5 वर्षांनी नव्यानं होते आणि तेव्हा तपासणी होते. दोन तपासण्यांच्या मधले पाच पावसाळे मात्र घरच्यांनाच सांभाळायचे असतात. आणि आमच्याकडे घरचे म्हणजे पुरुष. ते पुण्याला कामाला गेले की बॉनेट उघडणारं कुणी उरत नाही. हे बदललं पाहिजे.

मे महिन्यात आपण कौलं चाळतो, अवजारं शेवटून आणतो. त्याच आठवड्यात गाडीही बघावी. फॅनबेल्टला चिरा आहेत का? रेडिएटरमध्ये कूलंट आहे की झऱ्याचं पाणी? नुसत्या पाण्यानं आतून गंज धरतो आणि गाडी नेमकी चढावर तापते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांहून जास्त तापलेलं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढायला दोन मिनिटं लागतात.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही घाई असो. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते दबत नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिन खोलण्यावर जातो.

घाटातल्या त्या दिवसानंतर मी आईला बॉनेट उघडायला शिकवलं. ब्रेक ऑइलच्या डबीवरच्या दोन रेघा तिला दाखवल्या. गेल्या आठवड्यात मी शाळेत असताना तिचा फोन आला: “अगं, तेल खालच्या रेघेला आलंय. वरून ओतू का?” नको म्हटलं, आधी चाक खोलून बघू. गळती कुठंच नव्हती, पण पुढचे ब्रेकपॅड पत्र्याला टेकायला आले होते.