घरच्या संगणकाचा ताबा

घरच्या संगणकावर प्रथमच लिनक्सची स्थापना करू इच्छिणाऱ्या मनुष्यास आप्तेष्टांकडून, कचेरीतील सहकाऱ्यांकडून आणि ज्या दुकानदाराकडून त्याने यंत्र विकत घेतले त्याच्याकडूनही जो उपदेश मिळतो, तो बहुधा एकाच आशयाचा असतो : हे काम तज्ज्ञांचे आहे, फुकट मिळणाऱ्या वस्तूचा भरवसा धरू नये, आपली नेहमीची कामे तीवर होणार नाहीत, आणि चालत्या यंत्राला हात लावून वर्षानुवर्षांचे दफ्तर गमावण्याचा धोका शहाण्याने पत्करू नये. हे आक्षेप कोणी दुष्ट बुद्धीने पसरविले आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्या मुळाशी अनुभवाचा काही अंश आहे आणि म्हणूनच ते इतकी वर्षे तग धरून राहिले आहेत. परंतु तो अंश निराळा काढून पाहिला असता मागे जे उरते ते केवळ भय होय. आणि त्या भयाचे मूळ यंत्रात नसून, यंत्र विकत घेऊनही त्याचा ताबा आपण कधी घेतलाच नाही या वस्तुस्थितीत आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

तज्ज्ञतेचा आक्षेप प्रथम विचारात घेऊ. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टात आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा तो उद्योग केवळ छंदाचा आहे असेच त्याने सांगितले होते. आणि पुढील काही वर्षे त्या प्रणालीचा, म्हणजे लिनक्सचा, गाभा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांशी जोडून आपल्या यंत्रावर चालविणे, हे खरोखरच जाणकारांचे काम होते. फ्लॉपींची चळत एकामागून एक यंत्रात घालावी लागे, पडद्याच्या आवर्तनांचे आकडे स्वहस्ते लिहून द्यावे लागत, आणि एखादा आकडा चुकला तर पडदा काळाच राही. त्या काळापुरता हा आक्षेप सत्य होता. परंतु १९९३ मध्ये डेबियन, २००४ मध्ये उबुंटू आणि २००६ मध्ये लिनक्स मिंट अशी, गाभा व साधने एकत्र बांधून देणारी वितरणे क्रमाने अवतीर्ण झाल्यावर स्थापनेचा विधी इतका सुगम झाला आहे, की भाषा कोणती, कळफलक कोणता, प्रदेश कोणता, डिस्कची विभागणी कशी करावयाची, आणि वापरणाराचे नाव व संकेतशब्द काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक यंत्रांवर पुरतात. विंडोज सोपी आणि लिनक्स कठीण असे म्हणणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी विंडोजची स्थापनाही स्वतः कधी केलेली नसते. ती कारखान्यातूनच यंत्राबरोबर आलेली असते. एका बाजूला दुसऱ्याने करून ठेवलेले काम आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करावयाचे काम, अशी ही तुलना आहे. आणि ती जोवर विषम आहे तोवर तिच्यातून निघणारा निष्कर्ष ग्राह्य मानता येत नाही.

दुसरा आक्षेप मोलाचा. जी वस्तू पैशांवाचून मिळते ती हलक्या प्रतीची असणार आणि तिच्याबद्दल जबाबदार कोणी नसणार, हा व्यवहारातील सर्वसाधारण तर्क बाजारात पुष्कळदा खरा ठरतो. येथे मात्र तो लागू पडत नाही. १९८९ मध्ये प्रसृत झालेला ग्नू सार्वजनिक परवाना, जो लिनक्सच्या गाभ्याने १९९२ मध्ये स्वीकारला, तो मुळात किंमत माफ करणारा दस्तऐवज नव्हे. ती अधिकारांची सनद आहे. आज्ञावली कोणत्याही कारणासाठी चालवावी, तिची रचना अभ्यासावी, तिच्या प्रती इतरांस द्याव्या, आणि तीत सुधारणा करून त्या सुधारणाही वाटाव्या, अशी चतुर्विध मोकळीक ती देते. गुणवत्तेचा दाखला हवा असेल, तर जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक संगणक लिनक्सवर चालत आला आहे, आणि अँड्रॉइड दूरध्वनीच्या अंतर्यामीही तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्सचा भरवसा नाही असे सांगणारा गृहस्थ पुष्कळदा ते वाक्य लिनक्सवरच बोलत असतो. आता हमीची गोष्ट. ग्नू परवाना कोणतीही हमी देत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही. परंतु विकत घेतलेल्या प्रणालीचा करारनामा जो सावकाश वाचील, त्याला तेथेही आज्ञावली विकलेली नसून तिच्या वापराची केवळ परवानगी दिलेली आहे आणि नुकसानभरपाईची मर्यादा कडेकोट आखलेली आहे, असेच आढळेल. अडचणीच्या वेळी दोन्हीकडे आधार मिळतो तो जाणत्या माणसांचा. आणि ज्या प्रणालीची रचना कोणालाही उघडून पाहता येते, तिच्या बाबतीत अशी माणसे कोणा एका कंपनीच्या पगारपत्रकावरच असली पाहिजेत, असे बंधन राहत नाही.

तिसऱ्या आक्षेपात सत्याचा अंश अधिक आहे आणि तो मी निःसंकोच मान्य करतो. ज्याची उपजीविका फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा टॅली यांवर अवलंबून आहे, त्याने आपले कामाचे यंत्र एकाएकी बदलू नये. कारण ही साधने लिनक्ससाठी तयार होत नाहीत आणि पर्यायी साधने शिकण्यास अवधी लागतो. ज्यास सरकारी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरी करावी लागते, त्याने आपले टोकन या प्रणालीवर चालते किंवा नाही याची आधी खातरजमा करावी. परंतु पत्रव्यवहार, लेखन, हिशेबाचे तक्ते, बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, संगीत आणि चित्रपट, एवढ्यापुरता ज्या घरांत संगणक चालतो, त्या घरांना फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि व्हीएलसी यांनी काही उणे पडत नाही. मराठीच्या अडचणीचा बाऊ तर सर्वस्वी निराधार आहे. जुन्या काळी मराठी मजकूर विशिष्ट टंकाला बांधलेला असे. आत साठवलेले संकेतांक रोमन अक्षरांचे आणि वर दिसणारे रूप देवनागरीचे, त्यामुळे टंक हरवला की लेखही दुर्बोध होई. ही व्याधी त्या साठवणुकीच्या पद्धतीची होती आणि ती कोणत्याही प्रणालीवर तितकीच छळते. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी लिनक्सवर स्वच्छ उमटते, इनस्क्रिप्ट कळफलक त्यात उपलब्ध आहे, आणि लोहित देवनागरी हा टंक तर मुक्त परवान्याखालीच प्रसिद्ध झालेला आहे. शंका उरलीच, तर केरळातील शासकीय शाळांकडे पाहावे. त्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणालीचा अंगीकार केला आणि तेथील विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावरच संगणक शिकल्या.

राहिला चौथा आक्षेप, दस्तऐवज नष्ट होण्याचा. हा धोका खरा आहे. परंतु त्याचे निवारण पद्धतीने होते, आणि त्या पद्धतीतच या कार्याचे खरे मोल असल्यामुळे ती येथे काहीशी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. प्रथम सर्व छायाचित्रांची, पत्रांची व हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती केवळ घेऊन न थांबता त्यातील दोनचार फायली उघडून पाहाव्या. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनःप्राप्ती-कळ कागदावर उतरून ठेवावी. नंतर वितरणाच्या अधिकृत स्थळावरून प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्यासोबत प्रसिद्ध केलेली चौसष्ट चिन्हांची पडताळणी-खूण आपल्या फाइलीवरून काढलेल्या खुणेशी ताडून पाहावी; मूळ फाइलीत एका बिटाचा जरी फरक पडला तरी ही खूण पार निराळी निघते, म्हणून ही तपासणी कधीही टाळू नये. मग ती प्रतिमा रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहून, यंत्र सुरू होताना एफ-१२ किंवा उत्पादकाने नेमून दिलेली अन्य कळ दाबून, त्या पेनड्राइव्हवरूनच यंत्र चालू करावे. येथे नवख्या माणसाला ठाऊक नसलेली एक मोठी सोय आहे : डिस्कवर एक अक्षरही न लिहिता संपूर्ण प्रणाली चालवून पाहता येते. वाय-फाय जोडले जाते काय, ध्वनी येतो काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, मराठी नीट दिसते काय, हे सर्व सावकाश पाहून, समाधान न झाल्यास यंत्र बंद करावे. पूर्वीची व्यवस्था जशीच्या तशी असते.

समाधान झाले तरच स्थापनेस आरंभ करावा. दोन्ही प्रणाली शेजारी नांदाव्या अशी इच्छा असल्यास विंडोजच्या स्वतःच्या साधनाने तिचा विभाग आधी आकुंचित करावा, तिची जलद आरंभाची सोय बंद करावी, आणि मोकळ्या झालेल्या जागेतच लिनक्सला स्थान द्यावे. या साऱ्या क्रमात अपरिवर्तनीय अशी पायरी एकच, ती म्हणजे डिस्कच्या विभागणीस अंतिम संमती देण्याची. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय आणि शेजारी जागा करण्याचा पर्याय हे पडद्यावर वरखाली दिसतात; तेथे थांबून, प्रत्येक विभागाचे आकारमान वाचून, कोणत्या विभागात काय आहे हे स्वतःस सांगता आल्यावरच पुढे जावे.

आता मंडनाकडे वळतो. वरील क्रम ज्याने एकवार पार पाडला, त्याला आपले दस्तऐवज कोठे आहेत, यंत्र कोणाच्या हुकमाने जागे होते, प्रणाली आणि आपला मजकूर या दोन भिन्न वस्तू कशा आहेत, हे प्रत्यक्ष कृतीने समजलेले असते. जमिनीच्या व्यवहारात कागदोपत्री मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची असा प्रकार जसा दिसतो, तशीच आपल्या घरांतील संगणकांची स्थिती आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. पुढे मर्यादित मुदतवाढीची तजवीज झाली, परंतु नव्या आवृत्तीने टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाची आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरची अट घातल्यामुळे असंख्य सुस्थितीतील यंत्रे अधिकृत रीत्या अपात्र ठरली. यंत्रात बिघाड नव्हता. मालकाची तक्रार नव्हती. तरी यंत्राच्या उपयुक्ततेचा निवाडा परस्पर झाला. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीसही पाच वर्षांची मुदत असतेच. भेद एवढाच, की ती संपल्यावर पुढील आवृत्ती, अधिक हलके वितरण किंवा अन्य मार्ग निवडण्याचा अधिकार आपल्या हातून जात नाही.

या पक्षाच्या अतिउत्साही समर्थकांशीही माझा मतभेद आहे. लिनक्सला विषाणूची बाधा होतच नाही, कोणतेही जीर्ण यंत्र तिने नव्यासारखे होते, अशी विधाने ते करतात आणि पहिल्याच निराशेत नवागताचा विश्वास गमावतात. सावधगिरी येथेही हवी. अद्यतने वेळेवर घ्यावी लागतात. दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावर आजचे ब्राउझर सुखाने चालणार नाहीत. त्याहून हानिकारक प्रघात म्हणजे नवागताच्या प्रत्येक प्रश्नावर अर्थ न सांगता एखादी आज्ञा टंकित करण्यास सांगणे. कारण न समजता पाळलेली आज्ञा ही जुन्या परावलंबनाचीच नवी आवृत्ती होय.

म्हणून ज्यांना ही विद्या अवगत आहे त्यांना माझी विनंती आहे, की शेजाऱ्याचे यंत्र आपल्या घरी आणून त्यावर लिनक्स बसवून देण्याच्या परोपकारात त्यांनी पडू नये. तशा उपकाराने त्या माणसास पूर्वी एक दुकानदार होता, त्याच्या जागी दुसरा मिळतो. त्यांनी त्याच्या घरी जावे, जवळ बसावे, विचारलेल्या प्रश्नांची सविस्तर उत्तरे द्यावी. माउस आणि कळफलक मात्र अखेरपर्यंत त्याच्याच हाती राहू द्यावे, मग त्यास सारी संध्याकाळ लागली तरी चालेल. विभागणीच्या त्या अंतिम प्रश्नास ज्याने स्वतः समजून होकार दिला, त्याला घरच्या संगणकाचा ताबा मिळाला असे मी म्हणेन; आणि तो त्याला दुसऱ्या कोणी मिळवून देता येत नाही.