नोंद बदलेपर्यंत गाडी विकणाऱ्याचीच

पैसे मिळाले आणि किल्ली दिली की जुन्या गाडीचा सौदा पुरा झाला, असे बाजारात धरले जाते. कायदा तसे धरत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे, कर्ज किंवा भाडेकराराखालील गाड्या सोडल्या, तर मालक तो, ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे. जालन्यात मस्तगडला बसून ठरलेल्या व्यवहारात इसार, बॉन्डवरची लिखापढी आणि किल्ली एकाच बैठकीत उरकते. एमएच-२१ ची ती गाडी आरटीओच्या दप्तरी मात्र जुन्याच नावावर राहते. बॉन्ड हा दोघांमधला करार. अपघातात सापडलेल्या तिसऱ्या माणसावर तो बंधनकारक नसतो.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे लख्ख दिसले. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे हात बदलत गेली, पण नाव कोणीच बदलून घेतले नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीचा अपघात झाला. उच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नंतरच्या खरेदीदारावर टाकली होती; सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ती नोंदणीकृत मालकावर आणली. नुकसान सोसलेल्या कुटुंबाने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

यातून सुटण्याची वाट कलम ५० मध्ये आहे. गाडी राज्यातच नोंदलेली असेल, तर विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आणि त्याची प्रत खरेदीदाराला द्यायची. खरेदीदाराने ३० दिवसांत फॉर्म ३० चा अर्ज करायचा. परराज्यातल्या गाडीसाठी विकणाऱ्याला ४५ दिवसांची मुदत आहे. तिथे फॉर्म २८ ची एनओसी लागते.

धंद्यातली खरी खोट याच फॉर्ममध्ये आहे. डीलरकडे २९-३० वर विकणाऱ्याची सही घेतली जाते, पण खरेदीदाराचे नाव आणि तारीख यांचे रकाने कोरे ठेवले जातात. गिऱ्हाईक मिळेपर्यंत फाइल टेबलाच्या खणात पडून राहते आणि गाडी रस्त्यावर फिरत असते. या काळातले प्रत्येक ई-चलान जुन्या मालकाच्या मोबाइलवर जाते. ज्याने विश्वासाने सही केली, त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या असलेली ताबापावती त्याच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नये.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी, म्हणजे डीलरांसाठी, आता वेगळी चौकट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये ५५अ ते ५५ह हे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना मालकाने फॉर्म २९क ऑनलाइन भरला, की विक्रेता ‘मानीव मालक’ ठरतो. त्या गाडीची जबाबदारी त्याच्याकडे येते. त्याने फेऱ्यांची नोंदवही ठेवायची असते, आणि गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कामांपुरतीच बाहेर काढायची असते. विक्रेत्याला मिळणाऱ्या प्राधिकारपत्राची मुदत ५ वर्षे. कोऱ्या सह्यांची गरजच या व्यवस्थेने संपवली आहे, म्हणून ही व्यवस्था टाळण्याला सबब उरत नाही.

कर्ज फिटले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. नाव बदलण्याआधी किंवा त्याच वेळी हे काम करून घ्यावे.

विम्याकडे मात्र सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. कलम १५७ नुसार थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज केला नाही आणि तेवढ्यात गाडी ठोकली गेली, तर दावा अडकतो. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याने त्याचे पत्र घेऊन ठेवले, तर तो त्याच्या पुढच्या गाडीला लागू होतो.

मालक वारला असेल, तर २९-३० चालत नाहीत. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवले, तर त्याला मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ भरून ती नावावर करून घ्यावी लागते. अशी गाडी विकायला आली, तर आधी वारसाच्या नावाची आरसी हातात घ्यावी, मग इसार द्यावा.