शब्दबोध : मान्सून

'मान्सून' हा इंग्रजी शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर पाऊस उभा राहतो. मूळ शब्दात मात्र पावसाचा थेंबही नाही. त्याचे मूळ अरबी 'मौसिम'. 'खूण करणे' या अर्थाच्या धातूपासून तो सिद्ध झाला. म्हणून मौसिम म्हणजे नेमलेला काळ. गलबते हाकारण्यास योग्य अशा काळाला अरबी दर्यावर्दी हा शब्द योजीत.

त्यामागे वाऱ्याचा नियम होता. उन्हाळ्यात भूमी समुद्रापेक्षा लवकर तापते व अरबी समुद्रावर नैर्ऋत्येकडून वारे वाहू लागतात. हिवाळ्यात ते ईशान्येकडून वाहतात. एका वाऱ्याने भारतात यावे, दुसऱ्याने परतावे, असा व्यापाराचा क्रम होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या जलमार्गाचे वर्णन असून सोपारा व कल्याण या बंदरांचाही उल्लेख आहे.

वेळ साधण्याचे व चुकण्याचे फळ वास्को द गामाच्या सफरीत स्पष्ट दिसते. १४९८ च्या एप्रिलअखेर आफ्रिकेतील मालिंदीहून जाणत्या वाटाड्यासह निघालेली त्याची जहाजे सुमारे २३ दिवसांत मलबार किनाऱ्याजवळ आली. परतताना ५ ऑक्टोबरला, ईशान्य वारे स्थिरावण्यापूर्वीच, त्याने कारवारजवळील अंजदीव बेट सोडले. तोच समुद्र ओलांडण्यास जवळजवळ तीन महिने लागले. ताज्या फळांअभावी स्कर्व्ही रोग बळावून सुमारे ३० खलाशी दगावले.

पोर्तुगीजांनी 'मौसिम'चे 'मोन्साँव' केले व सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द इंग्रजीत शिरला. पुढे वाऱ्याचे नाव त्याने आणलेल्या पावसालाच मिळाले. तोच अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत येऊन 'मोसम' झाला. 'मोसमी वारे' आणि 'मान्सून' ही म्हणूनच एकाच घरची भावंडे.

पावसाळ्यात जीवरक्षणार्थ साधू-साध्वी विहार थांबवून चातुर्मास एके ठिकाणी करतात. पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांची गलबतेही त्या काळात बंदरातच विसावत. व्यापाऱ्याला ते थांबणे तोट्याचे वाटत नसे. निघण्याची वेळ ओळखणाऱ्यालाच थांबण्याची वेळही कळते. 'मान्सून'च्या मुळाशी हीच जाण आहे.